शोधलं तर सापडत नाही, मामांना विचारलं तर सापडतं! (टीम्स-शेअरपॉइंटचे पैसे वसूल कसे करायचे?)

चाकण_सेकंड_शिफ्ट

मंडळी, ऑफिसातलं रडगाणं आहे, पण सल्ला खरंच हवाय.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. माणसं साडेतीनशे, त्यातली संगणकासमोर बसणारी शंभर-सव्वाशे. मी क्वालिटीत. चार वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लावून दिला, तेव्हापासून "याला कॉम्प्युटरचं कळतं" असा शिक्का बसला आणि मायक्रोसॉफ्टचं टीम्स (गप्पा-मीटिंगचं), शेअरपॉइंट (ऑफिसच्या फायली ठेवायचं) हे सगळं लोढणं माझ्या गळ्यात आलं. आयटीचा एकच मुलगा आहे, तो प्रिंटरमधून डोकं वर काढत नाही.

मार्चमध्ये लायसन्सचं नूतनीकरण आहे. साहेबांनी परवा बोलावून एकच विचारलं, "दरवर्षी एवढे पैसे भरतो, मग ड्रॉइंग हवं असलं की सगळा प्लांट मामांना फोन का लावतो?"

मामा म्हणजे आमचे ड्रॉइंग रूमवाले. तीस वर्षं तिथेच. "तो ब्रॅकेट, दोन भोकांचा, जुन्या पार्टीचा" एवढं सांगितलं की कपाट, फोल्डर, रिव्हिजन सगळं तोंडपाठ. मामा ऑगस्टमध्ये रिटायर होतायत.

दिवाळीच्या आधी काय झालं तेही सांगतो. नाइट शिफ्टच्या पोराने टीम्समध्ये पार्टचं नाव टाकलं (मामा अर्थात घरी झोपलेले), पहिलं आलेलं ड्रॉइंग उघडलं आणि त्यावरून सेटिंग केलं. ते होतं रिव्हिजन सी. चालू होतं ई, त्यात एका भोकाचा व्यास बदललेला. सकाळपर्यंत अख्खा लॉट लाल बिनमध्ये, म्हणजे रिजेक्ट. नंतर मी तेच नाव टाकून बघितलं तर सात फायली आल्या. एक नुसती, एक "फायनल", एक "फायनल_नवीन", एक कुणीतरी मेलमधून ओढून आपल्या वनड्राइव्हवर (ज्याचं त्याचं खासगी ऑनलाइन कपाट) ठेवलेली आणि पुढे सगळ्यांना शेअर केलेली... यात पोराचं काय चुकलं, सांगा.

विक्रेत्याने दोन पर्याय आणलेत. एक, माणशी दरमहा पैसे भरून एआय सहाय्यक घ्या. प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. दोन, मेल, फाइल सर्व्हर, ईआरपी (खरेदी, साठा, हिशोबाचं सॉफ्टवेअर) सगळ्यांवर बसणारं वेगळं एंटरप्राइझ सर्च घ्या. दोन्हींचे डेमो झकास झाले. डेमो होतातच झकास.

यातून कुणी गेलंय का?

इडलीवडी

तिसरा पर्याय: मामांना मुदतवाढ. सगळ्यात स्वस्त. ह. घ्या. (हलकेच घ्या.)

झिरो_रिझल्ट

इडलीवडी, ह. घ्या. कशाला, अर्धं उत्तर तेच आहे.

मी ऑफिसांत शोधयंत्रं बसवायच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, तेव्हा जरा लांबण लावतो. माझी सुरुवात पिवळ्या डब्यापासून. नव्या पोरांना माहीत नसेल, पण २००२ पासून गूगल 'सर्च अप्लायन्स' नावाचं पिवळंधमक यंत्र विकायचं. ते सर्व्हर रूममध्ये बसवायचं, ऑफिसची कागदपत्रं त्याला दाखवायची आणि आता घरचं गूगल आलं म्हणून पेढे वाटायचे. महिन्याभरात तक्रारी सुरू. "बाहेर सापडतं, मग आत का नाही?" मी प्रत्येक वेळी ओशाळायचो. २०१६ साली गूगलनेच तो डबा बंद करायचं जाहीर केलं.

डब्याचा दोष फार नव्हता. वेबवर एक पान दुसऱ्या पानाकडे बोट दाखवतं आणि जिकडे जास्त बोटं ते वर येतं, गूगलचं मूळ गणित हे. तुमच्या शेअरपॉइंटवर रिव्हिजन ई कडे कोण बोट दाखवतंय? शिवाय वेबवर माणूस सापडावं म्हणून लिहितो, त्याचं दुकान त्यावर चालतं. ऑफिसात माणूस फाइल सेव्ह करतो ती डोक्यावरचं ओझं उतरवायला. आणि बाहेर दहा बरी उत्तरं चालतात. मिसळ कुठे चांगली, याची दहा उत्तरं आली तर मजाच. तुम्हाला एकच हवंय आणि उरलेली सहा घातक आहेत.

अजून एक. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्सबाईंनी १९७२ साली मांडलेली गोष्ट आजही बहुतेक सर्च इंजिनांच्या पोटात आहे: जो शब्द सगळ्याच कागदांत आढळतो त्याला वजन कमी, मोजक्याच कागदांत असेल त्याला जास्त. तुमच्याकडे 'ब्रॅकेट' किती फायलींत असेल? म्हणजे ब्रॅकेट टाकणाऱ्या पोराने इंजिनाला जवळपास काहीच सांगितलेलं नाही. "दोन भोकांचा" हे मामांना कळतं, कारण ती भोकं ड्रॉइंगमध्ये रेषांनी आहेत, अक्षरांनी नाहीत.

तेव्हा तूर्त काही विकत घेऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमधल्या 'सर्च अँड इंटेलिजन्स' पानावर जा. लोक काय शोधतात, कशाला शून्य निकाल येतात आणि कुठे निकाल दिसूनही कुणी क्लिक करत नाही, असे तीन अहवाल तिथे असतात. तुम्ही पैसे भरलेत त्यातच येतात ते. मी आजवर ज्या ज्या कंपनीत गेलो, तिथे ते पान कुणी उघडलेलंच नव्हतं. ते बघून इथे या, मग बोलू.

अर्धाचहा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे, पण एक पिंक टाकतोच.

विक्रेत्याच्या स्लाइडवर "कर्मचाऱ्यांचा १९ टक्के वेळ माहिती शोधण्यात जातो" असं होतं ना? असणारच. तो आकडा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१२ च्या अहवालातला. तेव्हा टीम्स जन्मालाही आलं नव्हतं, ते आलं २०१७ मध्ये. मधल्या काळात जगाने सहयोगाची किती सॉफ्टवेअरं घेतली आणि स्लाइडवर आकडा तोच! म्हणजे एक तर औषध लागू पडत नाही, नाहीतर रोग्याला कुणी परत तपासलंच नाही.

आणि खरं काम व्हॉट्सॲपवर चालतं हो. तुमचं रिव्हिजन ई सुद्धा तिथेच आधी आलं असणार.

चाकण_सेकंड_शिफ्ट

अर्धाचहा, १९ टक्के होतं. पाय चार्टसकट. :-) आणि हो, रिव्हिजन ई चा फोटो शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. पोरगं त्या ग्रुपवर नव्हतं, नवीन आहे.

झिरो_रिझल्ट, ते पान उघडलं. दोन तास नुसता वाचत बसलो, कादंबरीच आहे. सगळ्यात जास्त शोधलेलं काय असेल? "रजा अर्ज". त्याचे निकाल शून्य, कारण आमच्या फॉर्मचं नाव इंग्रजीत आहे आणि त्यात 'एचआर एफ ०७ रेव्ह २' एवढंच लिहिलंय. पगाराची स्लिप, बसचा रूट आणि कॅन्टीन मेनू मागोमाग.

पण गंमत पुढे आहे. शून्य निकालांत नुसते चार-चार अंक, ओळीने. ०७३१, ४४०९, २२१८. मी आधी चक्रावलो. मग ट्यूब पेटली, शॉपवर सगळे पार्टला शेवटच्या चार अंकांनी ओळखतात! "शून्य सात एकतीसची लाइन बंद आहे" असंच बोलतो आम्ही. फाइलच्या नावात नंबर आहे, तो अख्खा दहा आकडी. मग चार अंकांवर का सापडत नाही?

झिरो_रिझल्ट

कारण इंजिन अख्खा शब्द नोंदवतं, तुकडे नाही. दहा आकडे सलग असले तर त्याच्या लेखी तो एकच शब्द. शेअरपॉइंटमध्ये तारांकन (*, म्हणजे "इथे काहीही चालेल") फक्त शेवटी चालतं. पहिले चार अंक टाकून पुढे तारा दिला तर सापडेल, शेवटचे चार टाकून आधी तारा दिला तर नाही. नंबर आडव्या रेघेने तोडलेला असेल तर तुकडे वेगवेगळे नोंदले जातात, म्हणून काही पार्ट सापडत असतील आणि लोक म्हणत असतील "कधी सापडतं, कधी नाही".

उपाय फुकट आहे. ड्रॉइंगच्या लायब्ररीत 'शेवटचे चार' असा साध्या मजकुराचा रकाना वाढवा. एक्सेलमध्ये सूत्र लावून अंक काढा आणि ग्रिड व्ह्यूमध्ये चिकटवा. रकान्यातला मजकूरही शोधात येतो. "रजा अर्ज" साठी बुकमार्क करा: ॲडमिनमध्ये शब्द द्यायचे, त्यावर फॉर्मची लिंक द्यायची, ती सगळ्यांत वर येते. रजा, सुट्टी, लीव्ह, सगळे शब्द घाला, चुकीची स्पेलिंगंसुद्धा. लोक कसे शोधतात तसं नाव ठेवायचं, त्यांना आपली नावं पाठ करायला लावायची नाहीत.

चाकण_सेकंड_शिफ्ट

वेडा झालो वाचून. "कधी सापडतं, कधी नाही" हे शब्दशः असंच बोलतात! आमचा एक ग्राहक नंबरात रेघा देतो, बाकीचे देत नाहीत.

निवांत_शनिवार

मी एचआरमध्ये आहे. मला शोध लागत नाही याचं दुःख नाही, लागतो याची भीती आहे.

आमच्याकडे (आयटी सेवा, हिंजवडी, पुढचं विचारू नका) एका मुलाने सहज स्वतःचं नाव शोधून बघितलं. सगळेच बघतात कधी ना कधी. त्याला अख्ख्या विभागाचा अप्रेझलचा तक्ता मिळाला, शेजारच्याची पगारवाढ, मॅनेजरचे शेरे, सगळं. त्याने तो तक्ता कुठे पसरवला नाही, सरळ माझ्याकडे आला. तेवढं नशीब.

चौकशी केली तर हॅकिंग वगैरे काही नाही. मॅनेजरने साइट करताना परवानगीत "बाहेरचे वगळून सगळे" हा तयार गट टाकला होता, कारण "दर वेळी कोण एकेकाचं नाव टाकत बसणार". लिंक पाठवून शेअर केलेली फाइल निदान ती लिंक उघडणाऱ्यालाच पुढे शोधात दिसते. हा गट टाकला की सगळ्यांनाच. तीन वर्षं तो तक्ता तसाच उघडा होता, फक्त कुणी शोधला नव्हता.

म्हणून, दादा, एआय घ्यायच्या आधी परवानग्या झाडून घ्या. तो सहाय्यक तुमच्याच परवानग्यांवर चालतो, कुणालाही जास्तीचं दाखवत नाही. पण माणूस सात फायली उघडून वाचायचा कंटाळा करतो, हा करत नाही. "आमच्या विभागात सगळ्यात जास्त पगार कुणाला" असं मराठीत विचारलं की झालं. मायक्रोसॉफ्टने तात्पुरती सोय दिली आहे, संस्थाभरचा शोध निवडक १०० साइटींपुरता मर्यादित ठेवता येतो. आम्ही ती लावून मग चार महिने आवराआवर केली.

जमाखर्च

एआयच्या पैशांचं बघा जरा. मायक्रोसॉफ्टचा एआय सहाय्यक कोपायलट मोठ्या कंपन्यांसाठी १ नोव्हेंबर २०२३ ला आला तेव्हा माणशी महिना ३० डॉलर, म्हणजे वर्षाला ३६० डॉलर, मूळ लायसन्स वेगळं. शंभर माणसांना ३६,००० डॉलर. आधी किमान ३०० जागा घ्याव्या लागायच्या, ती अट जानेवारी २०२४ मध्ये काढली. त्यामुळे "सगळ्यांना घेतलं तरच मिळेल" असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून पाठवा. पाच-दहा जणांना घेऊन बघता येतं. योजना बदलत असतात, आजचा भाव लेखी मागा.

त्याआधी आहे ते मोजा. वापराचा अहवाल १८० दिवसांपर्यंत मागचा मिळतो. सोडून गेलेली माणसं, ट्रेनी, लाइनवर टॅबवर फक्त सूचना वाचणारे, या सगळ्यांना वरच्या श्रेणीचं लायसन्स दिलेलं आढळतं. शॉपवरच्यांसाठी फ्रंटलाइनचं स्वस्त लायसन्स असतं. त्यात मेलबॉक्स २ जीबीचाच, पण त्यांना पुरतो. खरेदी, डिस्पॅच असे खात्याच्या नावाचे मेल पत्ते शेअर्ड मेलबॉक्स करा. ५० जीबीपर्यंत लायसन्स लागत नाही. आमच्याकडे प्रत्येक खात्याच्या पत्त्याला वेगळं लायसन्स चालू होतं!

जागा भरली म्हणून विक्रेता जादा स्टोरेज विकायला आला असेल तर आधी व्हर्जन तपासा. लायब्ररीत सहसा एका फाइलच्या ५०० आवृत्त्या ठेवायची मुभा असते. मोठी प्रेझेंटेशनं रोज सेव्ह करणारा एक साहेब पुरतो.

नेकारकाठचा

श्टुटगार्टहून. इथेही गाड्यांचाच धंदा, त्यामुळे तुमचं दुःख घरचं वाटलं.

शोधाच्या नोंदींबद्दल एक बाजू सांगतो. जर्मनीत कामगारांनी निवडून दिलेली समिती असते, बेट्रिब्सराट. माणसाच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर कायद्याने त्या समितीशी ठरवावं लागतं. आमच्याकडे ठरलंय की शोधाच्या नोंदी एकत्रित बघायच्या, कुणी काय शोधलं ते बघायचं नाही. मला आधी ही कटकट वाटायची. पण फायदा असा झाला की लोक मोकळेपणाने काहीही शोधतात, मूर्ख वाटेल असंसुद्धा. तुमच्या प्लांटमध्ये "साहेब बघतात" अशी हवा पसरली तर ते चार-चार अंक उद्यापासून गायब होतील आणि परत मामांचा फोन.

दुसरं, आमच्या सूचनांच्या प्रत्येक पानाला एक मालक आणि एक मुदत असते. मुदत संपली की मालकाला मेल: पान ठेवायचं, सुधारायचं की काढायचं. उत्तर नाही दिलं तर पान शोधातून उतरतं. सुरुवातीला शिव्या बसल्या. जर्मन शिव्या, पण आशय तोच.

अर्धाचहा

नेकारकाठचा, आमच्याकडे मालक विचारला तर "हे आधीच्या माणसाने केलंय" हे उत्तर. तो आधीचा माणूस हा भारतीय उद्योगाचा खरा आधारस्तंभ.

शाईपेन

विषय थोडा बाजूला नेते, पण तुमच्या लाइनवरच्या कामाच्या सूचना मराठीत आहेत का? असल्या तर वाचा.

मी एका शिक्षण संस्थेत दप्तर सांभाळते, सातारा भागात. आमची पंचवीस वर्षांची परिपत्रकं जुन्या फाँटांत टाइप केलेली. पडद्यावर 'शिक्षक' दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. फाँट काढला की ती खिचडी दिसते आणि शोधयंत्र तीच वाचतं. शोधून सापडणार कसं? युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत) बदलून घेण्यावाचून इलाज नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफ तर नुसती चित्रं. त्यांना ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घेऊन, मजकुराचा थर द्यावा लागतो. टेसरॅक्ट नावाचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याला मराठी येतं. ठसठशीत छपाई बरी वाचतं, सायक्लोस्टाइलपुढे हात टेकतं.

हे सगळं केल्यावर कळलं की 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. एक प्रकार ठरवून सगळं त्यात बदललं.

आणि विभक्ती! 'शाळा' शोधलं तर 'शाळेचा', 'शाळेत', 'शाळांना' येत नाही. आमच्या मुलाने इलॅस्टिकसर्च नावाचं शोधयंत्र बसवलं. त्यात हिंदी आणि बंगालीसाठी शब्दाची रूपं ओळखणारी तयार सोय मिळते, मराठीसाठी नाही. मग 'शाळ' आणि पुढे तारा असा जुगाड केला. आता सगळं सापडतं, शिवाय आमचे शाळिग्राम सरही दर वेळी सापडतात.

चाकण_सेकंड_शिफ्ट

शाईपेन ताई, आमच्या वर्क इन्स्ट्रक्शन मराठीतच आहेत, आणि जुन्या सगळ्या तुम्ही म्हणता तशा फाँटातल्या. आज एक उघडून मजकूर कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला. खिचडी! आम्ही ऑडिटला छातीठोक सांगत होतो की "सगळं डिजिटल आहे".

झिरो_रिझल्ट

ऑडिटवरून आठवलं. तुमच्याकडे आयएटीएफ १६९४९ (गाडी उद्योगाचं गुणवत्तेचं मानक) असणारच. कागदांच्या आवृत्त्यांवर नियंत्रण ठेवायचं, ही अट त्यात आधीपासून आहे. कागदाच्या काळात मामा जुन्या प्रतीवर लाल शिक्का मारून ती कपाटात ठेवत असतील. शेअरपॉइंटवर तो शिक्का कुणी मारला नाही, एवढंच. चालू ड्रॉइंगची एकच लायब्ररी ठेवा, तिथे फाइल टाकायचा हक्क दोघांनाच. जुनी रिव्हिजनं वेगळ्या साइटवर हलवा आणि त्या साइटच्या सेटिंगमध्ये "शोधात दाखवायची नाही" असं करा. ज्याला परवानगी आहे तो तिथे जाऊन उघडू शकेल, पण शोधात ती समोर येणार नाही. आणि लोकांच्या वनड्राइव्हवर ड्रॉइंग शेअर करणं थांबवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण यात बटण नाही, भांडण आहे.

इडलीवडी

वाखू (वाचनखूण) साठवली. मामांचं काय झालं ते सांगा.

चाकण_सेकंड_शिफ्ट

उशीर झाला, ऑडिट होतं.

तर मंडळी, एआय घेतलं नाही. नाही म्हणजे सहाच जणांना घेतलं, मीटिंगची टिपणं काढायला, आणि त्यात मालक खूश आहेत. वेगळं सर्चही घेतलं नाही. जमाखर्च यांनी सांगितलेली झाडाझडती केली, लायसन्सचा खर्च खाली आला, साहेबांनी पाठ थोपटली. (बक्षीस म्हणून व्हेंडर पोर्टलही माझ्याकडे दिलंय.) टीम्सच्या ट्रेनिंगची रेकॉर्डिंग मात्र गेली. १२० दिवसांनी ती आपोआप उडतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता मुदत वाढवून घेतली.

चार अंकांचा रकाना चालू आहे. पहिल्या आठवड्यात नाइट शिफ्टने इतका वापरला की शून्य निकालांच्या यादीतून अंक जवळपास गेलेच. वनड्राइव्हचं भांडण चालू आहे, डिझाइनवाले माझ्याशी कॅन्टीनमध्ये बोलत नाहीत.

मामांना शेवटच्या महिन्यात रोज एक तास माझ्या शेजारी बसवलं. कुणाचाही फोन आला की मामांनी उत्तर द्यायचं नाही, आधी स्वतः शोधून बघायचं आणि मी मागे वही घेऊन. दोन बोटांनी टाइप करतात, पण हट्टी आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नंबर टाकला, शून्य निकाल. परत टाकला, शून्य. म्हटलं, मामा, हा नंबर आपला नाहीच. तर म्हणाले, "आपला नाही रे, हा पार्टीचा जुना नंबर. त्यांचं मर्जर झालं त्याच्या आधीचा. त्यांचे परचेसवाले अजून फोनवर हाच सांगतात." हा नंबर आमच्या एकाही कागदावर नव्हता. मामांच्या खिशातल्या डायरीत होता, अशा दोनशेच्या वर ओळी.

'जुना नंबर' म्हणून अजून एक रकाना वाढवलाय. डायरीची पानं मामांची मुलगी टाइप करून देतेय, निम्मी झालीत. झिरो_रिझल्ट, एका ड्रॉइंगला दोन-तीन जुने नंबर असले तर एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन चालेल ना?

झिरो_रिझल्ट

चालेल. स्वल्पविरामानंतर जागा सोडा फक्त. आणि ती डायरी स्कॅन करून ठेवा, मामा घेऊन जायच्या आत.